बन्सीमामांची अकरा कौशल्यं

बन्सीमामा तांदळे कंप्यूटरला हात लावण्याआधी हात धुवायचे. आमच्या कॉलेजच्या कंप्यूटर खोलीबाहेर उभे राहायचे, पिशवीतून पाण्याची छोटी बाटली काढायचे, अर्धी वाटी भरेल एवढं पाणी तळहातावर घ्यायचे, ते बोटांच्या बेचक्यांतून फिरवायचे आणि मग हात वाळेपर्यंत दोन्ही पंजे पुढे धरून थांबायचे. पायरीशेजारी कडुलिंबाचं एक रोप होतं. धुतलेलं पाणी बरोबर त्याच्या बुडाशी पडेल असा त्यांचा बेत असे. त्या वर्षी पावसानं लागोपाठ तिसऱ्यांदा पाठ फिरवली होती, आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि हा गृहस्थ कीबोर्डसाठी पाणी राखून ठेवत होता. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं की मामा, इथं कुणी हात धूत नाही. त्यांनी कीबोर्ड खालीवर न्याहाळला आणि म्हणाले, "ते दिसतंयच की."

मी त्या कॉलेजात सहायक ग्रंथपाल. स्वभावानं घाईची. जेवताना घाई, बोलताना घाई, लग्नात अक्षता टाकतानाही दुसऱ्या मंगलाष्टकालाच माझी मूठ रिकामी. अशा बाईच्या नशिबी बन्सीमामा यावेत, ही कुणाची तरी थट्टाच म्हणायची. मामांचा पेटंट शब्द होता 'निवांत'. कंप्यूटर सुरू व्हायला वेळ लागला की ते मला समजावत, "निवांत होऊ द्या. आत्ताच उठलंय ते."

मामा वीसेक किलोमीटरवरच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या कॉलनीतलं वाचनालय सांभाळायचे. ग्रंथपाल तेच, शिपाई तेच आणि उसवलेली पुस्तकं शिवणारेही तेच. वय एक्कावन्न. बी.ए. झाले होते तेही नोकरी करता करता, इंग्रजीच्या पेपराला तीनदा भेटून. त्यांच्या वाचनालयात दाराशी बादली, तांब्या आणि पंचा ठेवलेला असे. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही, हा नियम चेअरमन साहेबांनाही लागू होता. दुष्काळात बादलीची वाटी झाली, पण नियम सुटला नाही.

कारखाना मात्र सुटत चालला होता. उसाअभावी दोन हंगाम चिमणीतून धूर निघाला नव्हता. संचालक मंडळानं आवारात चारा छावणी उघडली, आणि छावणीच्या कचेरीसाठी त्यांच्या डोळ्यांत वाचनालयाची खोली भरली. त्याच सुमाराला तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला की ग्रंथपालाकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी नाही, सबब मान्यता काढून घेण्यात यावी. मंडळाला आयतंच निमित्त मिळालं. चेअरमन साहेबांनी मामांना बोलावून सांगितलं की महिनाअखेरीपर्यंत पदवीला प्रवेश घेतल्याची पावती आणा, नाहीतर खोलीची किल्ली आणा.

पदवीचं अभ्यासकेंद्र आमच्या कॉलेजात. आणि प्रवेश अर्जाला एक कागद जोडलेला होता, त्याचं शीर्षक 'प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांकडून अपेक्षित संगणक कौशल्ये'. एकंदर अकरा. मजकूर टाईप करणे, फाईल साठवणे, फाईल शोधणे, नको ती काढून टाकणे, ई-मेल पाठवणे, असं करत करत शेवटी पुस्तकांचा तक्ता तयार करून तो क्रमाने लावणे. प्रत्येकापुढे एक चौकोन आणि सगळ्यांच्या खाली 'खात्री करून घेतली' म्हणून सही. ती सही माझी. हा कागद ज्यानं कुणी तयार केला त्याच्या डोळ्यांसमोर बावीस वर्षांची पोरं असणार. त्याला बन्सीमामा माहीत नव्हते.

मामांनी त्या कागदाला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि एक दिवसाआड काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन ते येऊ लागले.

पहिली अडचण माऊसची. दोनदा दाबा म्हटलं की मामा एकदाच दाबत. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, माणसाला लागोपाठ दोन हाका मारल्या तर तो चिडतो, एका हाकेत येतो का बघू. मग एकदा दाबून, हात मागे घेऊन, अदबीनं वाट बघत. मी शेजारी बसून दात-ओठ खायची. पाचव्या दिवशी त्यांनी दोनदा दाबलं, फाईल उघडली, आणि त्यांनी तिच्याकडे ओशाळल्यासारखं पाहिलं.

फाईलींना ते नावं देत ती वाचायला बसलं तर चहा गार होईल अशी. 'बन्सी तांदळे यांचे सरावाचे पत्र दुसरे, पहिल्यापेक्षा बरे.' 'बन्सी तांदळे यांचे पत्र तिसरे, मॅडम यांना पसंत नाही.' अशा फाईलींनी पडदा भरून गेला तेव्हा मी म्हटलं, आता नको त्या काढून टाका, चौथं कौशल्य तेच आहे. मामांनी हात मांडीवर ठेवले. वाचनालयातून एखादं पुस्तक बाद करायचं तर आधी यादी होते, ती मंडळापुढे जाते, ठराव होतो, सूचक-अनुमोदक लागतात, मग पुस्तक बाद. वीस वर्षांत त्यांनी एकही पुस्तक ठरावाशिवाय बाद केलं नव्हतं, वाळवीनं खाल्लेलं पंचांगसुद्धा. इथं एका बोटानं बाद करायचं त्यांच्या जिवावर आलं. शेवटी मी एका कागदावर लिहिलं की खालील सव्वीस फाईली बाद करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे. सूचक म्हणून सही केली. लॅबच्या शेख सरांना अनुमोदक केलं. मग मामांनी एकेक फाईल काढली, प्रत्येक नावावर पेनानं खूण करत. त्यात अख्खी दुपार गेली आणि माझं डोकं उठलं.

पण खरी कमाल केली ती अर्जाच्या वेळी. 'प्राचार्यांना एका पानाचा अर्ज टाईप करून छापणे' हे सहावं कौशल्य. मामांनी अर्ज टाईप केला, छापायची आज्ञा दिली आणि प्रिंटर कोरे कागद ओकायला लागला. एक, दोन, पाच, दहा. मी धावत गेले. पहिल्या पानावर अर्ज, पुढची पंधरा पानं कोरी, आणि सतराव्या पानावर मधोमध वाचनालयाचं नाव. वाचनालयाचा एक शिक्का पुस्तकाच्या ठरलेल्या आतल्या पानावर मारायचा असतो, म्हणजे कुणी पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी ते कुणाचं हे कळतं. मामांचं ते पान सतरावं. अर्ज एकाच पानाचा, मग शिक्का मारायचा कुठे? म्हणून त्यांनी सतराव्या पानापर्यंत जागा करून घेतली होती. मी कपाळाला हात लावला. शेख सर खुर्चीतच वाकून हसत होते. मामा मला हळूच म्हणाले, "अर्ज कुनी पळवला तर?"

ई-मेलचीही तीच तऱ्हा. माझ्या पत्त्यावर त्यांनी चार ओळींचं पत्र पाठवलं, साष्टांग नमस्कार विनंती विशेष असं सुरू होऊन कळावे लोभ असावा असं संपणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला स्वतः हजर. त्यांचा येण्याचा वार नव्हता. पोचलं का, एवढंच विचारायला आलते. पोचलं म्हटल्यावर समाधानानं पुढच्या जीपनं परत गेले.

हे सगळं सांगताना मी हसते आहे, पण तेव्हा हसत नव्हते. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची की या माणसाला नापास करायला मला अजिबात वाईट वाटणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर ते ओले पंजे पुढे धरून उभे दिसले की वाटायचं, आज आणखी एक चौकोन भरू या.

असे दहा चौकोन भरले. राहिला अकरावा, आणि हातात राहिले तीन दिवस. शनिवारी प्रवेश बंद होणार होते. गुरुवारी मी मामांना सांगितलं की तुमच्या वाचनालयातल्या साठेक पुस्तकांचा तक्ता करा. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, विषय, आणि शेवटी कपाट, म्हणजे पुस्तक ठेवलंय कुठे. मग तो क्रमाने लावा आणि साठवा. मी तासाभरानं येते.

मी दीड तासानं आले. तक्ता तयार होता. दाखल क्रमांकाशेजारी मामांनी आपल्या मनानं एक रकाना वाढवला होता, 'वाचक' म्हणून. आणि कपाटाच्या रकान्यात एकाही कपाटाचा नंबर नव्हता. तिथं लिहिलं होतं: सांगलीकडे, फडावर. बेळगावकडे. चाकण, कंपनीत. पुण्यात, हडपसरला बहिणीकडे. परत सांगलीकडे. मांजरसुंबा, ढाब्यावर.

माझा पारा चढला. मामा, हे काय लिहिलंय? कपाटात चाकण कसं येईल? तर ते शांतपणे म्हणाले, तुमी विचारलं पुस्तक कुठं ठेवलंय. ही पुस्तकं कपाटात न्हाईत.

मग हळूहळू कळलं. ही बासष्ट पुस्तकं लोकांबरोबर गेली होती. कुणी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं होतं, तिकडं जिथं ऊस होता. कारखान्यातले फिटर-वेल्डर कंपन्यांमध्ये लागले होते. कॉलनीतल्या निम्म्या घरांना कुलपं होती. आणि कुणी गाव सोडायला निघालं की मामा जीप सुटायच्या आत तिथं पोचत आणि त्याच्या हातात पुस्तक ठेवत. नुसतं कुठलंही नाही, त्यानं वाचनालयात बसून अर्धं वाचलेलं. पानात खूण घालून. ना परतीची तारीख, ना दंड. मंडळाच्या भाषेत ही बासष्ट पुस्तकं गहाळ होती, आणि हाही एक ठपका मामांवर होता.

"कावून दिली?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलून बोलून माझ्याही तोंडात त्यांचेच शब्द यायला लागले होते.

"अर्धं वाचलेलं पुस्तक घेऊन गेलेला मानूस परत येतोच, मॅडम. नुसता गेलेला न्हाई येत." मग म्हणाले, "आन् ते आले, आन् खोलीत चाऱ्याची कचेरी दिसली, तर पुस्तक परत करतील कुनापाशी?"

मला तोवर वाटत होतं की मामांना नोकरी वाचवायची आहे. त्यात गैर काहीच नव्हतं. पण हा माणूस बासष्ट जणांसाठी दार उघडं ठेवायला एक्कावन्नाव्या वर्षी माऊस शिकत होता, आणि मी त्याच्यावर दात-ओठ खात होते. मला माझी लाज वाटली. ती लपवायला मी तक्त्याकडे वळले आणि समोर दिसली ती ओळ मोठ्यानं वाचली.

"चकलांब्याची सुनीता, इयत्ता तिसरी. ट्रॅक्टर दुरुस्ती."

मामा खुर्चीवरून उठले.

मी आणखी दोन वाचल्या. त्र्याहत्तर वर्षांचे दगडूबा मुकादम, पुस्तक बाळंतिणीचा आहार. ढाब्यावरचा सलीम आचारी, पुस्तक मुलींसाठी मेंदीचे नमुने. मला हसू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात मामांचा चेहरा दिसला आणि ते जिथल्या तिथं राहिलं. काय झालं होतं ते माझ्या लक्षात आलं. क्रमानं लावताना मामांनी फक्त वाचकांचा रकाना धरला होता. नावं नीट बाराखडीप्रमाणे लागली, पण बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले. प्रत्येक नाव आपलं पुस्तक आणि आपलं गाव सोडून भलत्याच ओळीत जाऊन बसलं होतं. मागे जाता येईल का पाहिलं. मामांनी फाईल साठवून, बंद करून, पुन्हा उघडून खात्री केली होती. मीच तसं शिकवलं होतं.

"लोकं हरवली, मॅडम," मामा म्हणाले. परीक्षेचं नावही त्यांनी काढलं नाही.

नियमाप्रमाणे अकरावं कौशल्य नापास होतं. मी सही न करता उठले असते तर कुणी मला बोल लावला नसता. मी म्हटलं, नोंदवही बघून पुन्हा भरू. नोंदवही वाचनालयात होती. मामा म्हणाले, कशाला? आणि खाली बसले. डोळे मिटून त्यांनी एकेक माणूस परत जागेवर आणायला सुरुवात केली. ट्रॅक्टरचं पुस्तक वेल्डर नवनाथचं, तो चाकणला, अठ्ठेचाळीसाव्या पानावर गेलता, गिअरबॉक्स राहिला होता त्याचा. सुनीताकडं राजकन्येची गोष्ट, आईबापासंगं बेळगावकडं, वाचताना ओठ हलतात तिचे. दगडूबा स्वतः वाचत नाहीत, त्यांच्या टोळीतली सून पाचटाच्या कोपीसमोर बसून मोठ्यानं वाचते, म्हणून त्यांना लढायांचं जाड पुस्तक दिलं, हंगामभर पुरावं असं. मी कोऱ्या तक्त्यात टाईप करत गेले. ते सांगत गेले. एकदाही ते अडले नाहीत आणि मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. शेख सर दोनदा येऊन चहा ठेवून गेले.

शुक्रवारी मामा नोंदवही घेऊन आले, आणि मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. एकसष्ट ओळी तंतोतंत बरोबर होत्या.

बासष्टावी ओळ रिकामी होती. गुरुवारी एकसष्टच भरल्या तेव्हा मोजण्यात चुकलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. मामांनी खुर्ची पुढे ओढली, आणि ती ओळ मला न सांगता स्वतः टाईप केली, एकेका बोटानं. गयाबाई बन्सी तांदळे. रंगीत पक्ष्यांचं पुस्तक. चाकण, मुलाकडे.

मामींबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी विचारलं, मामी वाचतात?

"न्हाई. अक्षर येत न्हाई तिला."

"मग पुस्तक?"

ते पडद्याकडे बघतच सांगू लागले. मुलगा पाडव्याला येऊन तिला घेऊन गेला, पाऊस पडला की आणून सोडतो म्हणाला. त्याला दोन पाडवे झाले. तिथं फ्लॅट आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे, नात मांडीवर आहे. ती सुखात आहे आणि ते बरंच झालं, असं मामा म्हणाले. निघताना ती गाडीत बसली होती, तेव्हा त्यांनी खिडकीतून हे पुस्तक दिलं. मला काय कळतंय यातलं, असं ती म्हणाली. चित्रं बघ म्हटलं.

"कमी पानांचं दिलं न्हाई मी. मोठं दिलं. रोज एक पाखरू बघितलं तरी पावसापातूर..." त्यांनी हिशेब पुरा केला नाही.

मी तक्ता पुन्हा क्रमाने लावून दाखवा म्हटलं. या वेळी त्यांनी सगळे रकाने धरले, दोनदा तपासलं, मग दाबलं. माणसं आपापली पुस्तकं आणि आपापली गावं घेऊन जागेवर बसली. मी अकरावा चौकोन भरला आणि खाली सही केली. खात्री करून घेतली असं तिथं छापलेलंच होतं.

मामांनी कागद कव्हरात घातला, पण ते उठेनात. तपासताना तक्ता खाली सरकला होता आणि गयाबाई वर, पडद्याबाहेर गेली होती. बाण दाबत दाबत ते तिथपर्यंत गेले आणि मग त्यांनी मला विचारलं, "येक नाव कायम वर दिसत ऱ्हावं, असं करता येतं का वो ह्याच्यात?"

येतं. एक ओळ जागेवर घट्ट बसवून ठेवता येते, मग खाली कितीही सरकवलं तरी ती हलत नाही. ते त्या अकरा कौशल्यांत नव्हतं. मी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली आणि निवांतपणे शिकवलं.